बुट्टीतलं कासव

मासा मारावा लागत नाही. पाण्याबाहेर काढून ठेवला की तो आपला आपण संपतो. पण माझ्या जावयाला एवढा दम नव्हता. जाळ्यातून निघालेला एकेक मासा तो शेपटीला धरायचा आणि धुण्याच्या दगडावर आपटायचा. डोकं फुटलं तरी आणखी एकदा. रक्ताचे शिंतोडे त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर, माझ्या लुगड्यावर, शेजारी पाटी घेऊन बसलेल्या त्याच्याच लेकीच्या गालावर.

“जावईबापू,” मी म्हणाले, “मासा इकायचा असतोय. हितंच चटणी वाटायची नसती.”

“हात साफ करतोय वो मामी,” तो हसला आणि पुढचा उचलला.

निवास जातीनं आमच्यातलाच, भोई. पण त्याच्या बापानं नदी सोडून माळावर घर केलेलं. निवास उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. पाण्याशी त्याचा संबंध विहिरीच्या बादलीपुरता. तो माझ्या शालनला न्यायला आला होता आणि मी मऊ पडावं म्हणून सकाळी आपणहून जाळं ओढायला उतरला होता.

शालन शिमग्यात आली होती, छबूला कडेशी धरून. डावं मनगट सुजून काळंनिळं. विहिरीवर पाय घसरला म्हणाली. पाय घसरल्यावर मनगट पिळल्यासारखं कसं होतं, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मनगटाची सूज उतरेपर्यंत राहा म्हणाले. छबूला इथल्या शाळेत बसवली. उन्हाळा लागला तसा निवास उगवला, आणि माझे थोरले दीर गणूआप्पा लगेच त्याच्या मांडीला मांडी लावून बसले.

माझा नवरा गेल्यापासून आप्पा आमच्या घरचं ठरवायचे. मागच्या खेपेलाही त्यांनीच समजूत घालून तिला पाठवली होती.

“धोंडू,” या खेपेलाही उजाडताच ते मला म्हणाले, “समद्याच पोरी गुदमारत्यात. सासरच्या पाण्याची सवय व्हायला येळ लागतो. संध्याकाळच्या गाडीनं लावून दे.”

“संध्याकाळचं संध्याकाळी बघू,” मी म्हणाले.

तर त्या सकाळी आम्ही काठावर जाळं निवडत होतो. शालन घरात होती. छबूला शाळेतून काम दिलं होतं. पाटीवर तीन घरं आखायची, मासे, उभयचर आणि सरपटणारे, आणि कोण कोणत्या घरात ते लिहून न्यायचं. पाटीवर रेघा होत्या, घरं रिकामी होती.

“आज्जी, पाण्यात ऱ्हाणारं समदं मासंच की,” छबू म्हणाली.

“मग पाण्यात म्हसरं डुंबत्यात ती काय मासं झाली? हिकडं ये.”

मी जाळ्यातली एक कानस मासळी उचलली आणि त्या मासळीच्या गालाचं झाकण बोटानं वर केलं. “ह्ये लाल, पंख्यावाणी दिसतंय, त्ये कल्ले. तोंडानं पाणी घ्यायचं, हितनं सोडायचं. श्वास पाण्यातल्या पाण्यात. म्हणून भाईर काढली की तडफडती.”

“आन खवले?”

“खवल्यावर जाऊ नगंस. ह्यो शिंगाळा बघ, ह्याला एक खवला न्हाई. पर कल्ले हायत, पोहायला पंखावाणी पर हायत. मासा.”

जाळ्याच्या कोपऱ्यात एक लांबडी वळवळली. छबू पाटी टाकून मागं सरली. “साप!”

“धर तिला. वाम हाय ती. गाल उचल, काय दिसतंय?”

छबूनं डोळे मिटून बोट घातलं. मग एक डोळा उघडला. “कल्ले!”

“पाठीवर हात फिरव. पर हायत का? हायत. रूप सापाचं, पर हाय मासाच. रूपाला फसायचं न्हाई. श्वास कुठनं घेतंय तेवढं बघायचं, म्हंजे घर चुकत न्हाई.”

त्याच जाळ्यात, वामेच्या खालीच, खरा सापही होता. विरोळा. पाण्यातला साप, चावला तर रक्त येतं पण विष नसतं. दोऱ्यात मान अडकून तो तोंड वासत होता. मी विळीच्या टोकानं एकेक गाठ सोडवत छबूला म्हणाले, “आता ह्यो बघ. गालाला झाकण न्हाई. अंगावर कोरडं खवलं. पाण्यात पोहतोय, मासं खातोय, पर श्वास घ्यायला नाक वर काढतोय. त्यो मासा न्हाई. त्यो...”

ठप्पकन दगड पडला. निवासनं दोन्ही हातांनी वरून टाकला होता. विरोळ्याचं डोकं जाळ्यासकट चेंदलं. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून त्यानं टाच ठेवून ते वाळूत रगडलं. मागचं अंग बराच वेळ त्याच्या पायाला वेढे घालत राहिलं.

“साप त्यो साप,” तो म्हणाला.

“जाळ्याच्या गाठी तुटल्या त्या कोण भरणार?”

“तुमची लेक भरंल की. जाताना भरून जाईल.”

छबूनं पाटीवरच्या तिसऱ्या घरात ‘विरोळा’ लिहिलं आणि गालावरचं रक्त फ्रॉकनं पुसलं.

छबू आता मोठी झाली, स्वतः शाळेत शिकवते. हा धडा तिच्या वर्गात दरवर्षी येतो. पोरांना ती माझ्यासारखाच समजावते, वामेचे कल्ले उचलायला लावते. कासवाचंही सांगते. पुढचं सांगत नाही.

बेडूक मी तिला काठाच्या चिखलातून धरून दिला. “ह्यो दोन्हीकडचा. ल्हान असताना ह्याला शेपूट आन कल्ले, माशाचंच पोर वाटावं. मग पाय फुटत्यात, शेपूट जिरतं, कल्ले जात्यात, गडी काठावर येतो. मोठेपणी फोपशानं श्वास घेतो, आन ह्या ओल्या कातड्यातनंबी घेतो. हात लाव. गार लागतंय का? ह्ये कातडं वाळलं की मेला.”

“उभयचर,” छबू म्हणाली.

“तुझ्या बाई म्हणत असतील तर त्योच.”

मग कासव निघालं. ताटाएवढं, मऊ पाठीचं, म्हातारं. माझी सासू कासव देवाचं म्हणून सोडायची. मी सोडते ते जाळं फाडतं म्हणून.

“चार पाय, पाण्यात ऱ्हातंय, वाळूवर येतंय,” छबू पेन्सिल चावत म्हणाली. “बेडकाच्या घरात.”

“कातडं बघ. वलं हाय का गिळगिळीत? न्हाई. बेडकाची अंडी पाण्यात, लाळंवाणी. ह्याची अंडी वाळूत, कवचाची. ह्ये जलमल्यापासनं फोपशानंच श्वास घेतंय, ह्याला कधी कल्ले नव्हतंच. पलीकडं बघ, वाळूवर मगर पसरलीया. ती, ह्ये, तुझा विरोळा, घोरपड, समदी एका घरची.”

“पर ह्ये तर पाण्यातच असतंय.”

“असंना. कितीबी बुडी मारू दे, नाक वर काढावंच लागतंय. काढता आलं न्हाई तर पाण्यातच मरतंय.”

“कासव बुडतं?”

“बुडतं.”

निवास मोठ्यानं हसला. “मामी, पोरीला काय बी शिकवू नगा. म्हणं कासव बुडतं! उद्या म्हणशीला बदक बुडतं. द्या हिकडं. आमच्या मालकाला पायजे. घरात ठेवलं की बरकत येती म्हणं. जित्तं न्यायचंय.”

आम्ही भोई लोक मासा जिवंत ठेवायला झाकणाची बांबूची बुट्टी वापरतो. मासे घालायचे, झाकण आवळायचं, दोरी बांधून बुट्टी पाण्यात बुडवून ठेवायची. गिऱ्हाईक येईपर्यंत मासा ताजा. निवासनं ते एकदोनदा पाहिलं असावं. त्यानं कासव बुट्टीत कोंबलं आणि सुंभानं झाकण आवळलं.

“जावईबापू, त्यात न्हाई. घमेल्यात ठेवा, बोटभर पाणी घालून.”

“घमेल्यातनं पळंल.”

“वर दगडाचं झाकण घाला. पर बुट्टी बुडवू नगा. मरंल ते.”

“पाण्यातलं जनावर पाण्यात मरतंय व्हय!”

“बाबा, त्याला वर यावं लागतंय,” छबू म्हणाली.

त्यानं तिच्याकडं नुसतं पाहिलं. ती माझ्या पदराआड आली.

“बरं बरं,” तो मग मला म्हणाला. “ठेवतो घमेल्यात. तुमी जावा बाजाराला.”

माशांची पाटी डोक्यावर, ऊन चढायला लागलेलं. मी गेले. मोठ्या माणसानं शब्द दिलाय म्हटल्यावर मी त्याच्या मागं उभी राहणार नव्हते. वाटेत छबू थोडी सोबत आली.

“आज्जी, एक सांगू? आई हितं रातीला घोरती.”

“मग? तुझी आजी बी घोरती.”

“तिकडं घोरत न्हाई. तिकडं ती जागीच असती, श्वास धरून. मी हात लावून बघते.”

“जा घरी,” मी म्हणाले. “पाटी पुसू नगंस.”

बाजारातून आले तेव्हा ऊन कलंडलं होतं. शालन ओट्यावर पिशवी भरत होती. दोन लुगडी, छबूचे फ्रॉक, माझ्याकडची लोणच्याची बरणी.

“ही पिशवी कशाला?”

“जाते आई. आप्पांनी ठरवलंय.”

“मी ठरवलं न्हाई.”

“तू तरी किती भांडशील?” ती म्हणाली. मनगट अजून तिला नीट वळवता येत नव्हतं. बरणीचं झाकण ती दाताला लावून आवळत होती.

“छबू कुठाय?”

“काठावर. दुपारपास्नं उठंना झालीय तिथनं.”

मी काठावर गेले. छबू पायरीवर उकिडवी बसली होती, नजर पाण्यात. घमेलं तिच्या शेजारी पालथं पडलेलं, कोरडं ठणठणीत. बुट्टीची दोरी नावेच्या खुंटाला बांधलेली आणि दुसरं टोक सरळ खाली पाण्यात.

“मी सोडणार हुते,” छबू म्हणाली. “बाबा म्हणालं, झाकणाला हात लावलास तर तुझा हात आईवाणी करीन.” मग जरा थांबून म्हणाली, “आज्जी, लई बुडबुडे येत हुते. बुट्टी हलत हुती. मग थांबले.”

मी दोरी धरायच्या आत मागून निवास आला, आप्पांना घेऊन. दोघांच्या तोंडात पान. “चला मामी, गाडीची येळ झाली. पोरगी तयार हाय. मालकाचं कासव घेतो आन निघतो.”

त्यानंच बुट्टी वर ओढली. पाणी गळालं. झाकण सोडलं तर कासवाची मान बाहेर लोंबलेली, बोटासारखी लांब, डोळे उघडे. बांबूच्या पातीवर आतून नखांनी पांढरे ओरखडे काढलेले. वरच्या बाजूला, झाकणाजवळ, सगळे तिथंच.

निवासनं ते हलवून पाहिलं. नावेच्या कडेवर एकदा आपटून पाहिलं.

“बुडालं,” छबू म्हणाली. हळूच, पण काठावर सगळ्यांना ऐकू गेलं.

आप्पा तोंडातल्या पानासकट फसकन हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण पोरीचं बोलणं आणि थोरल्या माणसाचं हसणं, दोन्ही मिळून निवासच्या डोक्यात गेलं. त्यानं छबूच्या कानशिलात मारली. पोर पायरीवरून घरंगळली. शालन घरातून धावत आली, “लेकराला नगा मारू, मला मारा,” म्हणत मधे पडली. त्यानं हातातलं मेलेलं कासव तिच्या अंगावर फेकलं. खांद्यावर बसलं, हाडाचा आवाज आला.

“तुला मारू? थांब.”

त्यानं तिचा अंबाडा धरला आणि ओढत पाण्यात नेली. कमरेइतक्या पाण्यात. तिची पावलं वाळूत दोन चर काढत गेली.

“वर यावं लागतंय व्हय गं?” तो छबूकडं बघून ओरडला. “तुझी आई भोयाची, नदीवर जलमलीया. बघू किती येळ ऱ्हाती!”

आणि त्यानं तिचं डोकं खाली दाबलं. दोन्ही हातांनी, दगड टाकताना लावले होते तसेच.

“अवं पावणं,” आप्पा पायरीवरून म्हणाले, “असू द्या, असू द्या, लोक बघत्यात.” एक पाय त्यांनी खालच्या पायरीवर टाकला आणि परत वर घेतला.

शालनचे हात पाण्यावर आपटत होते. मग एकच हात. तिच्या डोक्याच्या जागी बुडबुडे येत होते.

वल्हं नावेतच होतं. मी पाण्यात कशी गेले आठवत नाही, वल्ह्याचं वजन तेवढं आठवतं. पहिला फटका त्याच्या कोपरावर बसला, दुसरा कानावर. कान फाटला. त्याची पकड सुटली आणि शालन वर आली, तोंड एवढं उघडलेलं की आतली पडजीभ दिसावी. तो श्वास तिनं घेतला त्याचा आवाज मी अजून ऐकते. तिला मी काठाकडं ढकललं. छबूनं तिला पदराला धरून वर घेतलं.

“म्हातारे!” निवास वळला. मानेवरून रक्त पाण्यात उतरत होतं. त्यानं वल्हं धरून हिसकलं आणि पाण्यात भिरकावलं. “तुला बी तिच्याबरोबर...”

मी मागं सरत काठावर आले. खांबावर माझं फेकायचं जाळं वाळत होतं. माझा नवरा म्हणायचा, आपल्या घरात जाळं धोंडूनं फेकावं, बाकीच्यांनी मासे निवडावेत. दोरी मनगटाला, घोळ कोपरावर, एक कडा दातात. तो गुडघाभर पाण्यात येईपर्यंत मी थांबले. मग फेकलं.

ते अंगावर उघडून पडलं. कडेच्या शिशाच्या गोळ्या खाली बसल्या आणि मी दोरी ओढली तसं जाळ्याचं तोंड त्याच्या पायाशी आवळलं. तो आडवा झाला. जितका झटापट करी तितका गुंडाळत जाई. मी काठानंच दोरी खेचत नावेच्या मागं, खोल पाण्याच्या अंगाला गेले आणि नाव बांधायच्या खुंटाला वेढा दिला. जाळं खाली गेलं. तोही गेला.

आप्पा पायरीवरच उभे होते. शालन गुडघ्यावर बसून पाणी ओकत होती. पाण्यावर भला मोठा बुडबुडा आला, त्याच्या मागं बारीक बारीक. मी दोरीवर पाय ठेवून उभी होते. मला घाई नव्हती. मासे उन्हात टाकल्यावर मी जशी बसते, तशी उभी होते.

छबू माझ्याजवळ आली. गालावर पाच बोटं उठलेली. तिनं पाण्याकडं पाहिलं आणि माझं लुगडं धरलं.

“आज्जी,” ती म्हणाली, “थांबायला लागले बुडबुडे.”

मी तिच्याकडं पाहिलं. ती रडत नव्हती. ती नुसती वाट बघत होती, मी तिला शिकवलेलं खरं होतं का याची.

मी वेढा सोडला आणि दोरी खेचली. जड झाला होता. त्याचं डोकं पाण्याबाहेर आलं तेवढंच ठेवलं, दोरी परत खुंटाला अडकवली. जाळ्याच्या एका भोकातून त्याचं तोंड बाहेर आलेलं. तो श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर आई आई म्हणत होता.

“धोंडू, सोड त्याला,” आप्पांना तेव्हा वाचा फुटली. “घरचा जावई हाय. झालं गेलं. संध्याकाळची गाडी...”

“आप्पा, तुमी गप बसा,” मी म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून त्यांना मी असं बोलले नव्हते. “ती पाण्यात हुती तवा गप हुतासा, तसं.”

मेलेलं कासव पायरीवर पालथं पडलं होतं. मी ते उचललं, नावेच्या कडेला वाकले आणि जाळ्यातल्या तोंडासमोर धरलं. त्यानं डोळे फिरवले.

“हिकडं बघ. निवास, ह्याच्याकडं बघ म्हणते. ह्ये तू पाण्यात कोंडलंस आन म्हणालास, पाण्यातलं जनावर पाण्यात कसं मरंल. असं मरतंय. आता तुला ठावं झालं, सांगायला नगो. माझी लेक हितं श्वास घ्यायला आलीया. ती आता वर आलीया. तुझ्या घरात परत बुडवायला मी ती द्यायची न्हाई. आप्पाला इचार, पंचाला इचार, वाटलं तर चौकीवर जाऊन इचार, मी बी येते, मनगट आन खांदा दोन्ही दावायला. गाडी संध्याकाळी हाय, एकल्यानं जा. आन आता हितंच बसून गाठी सोडीव, एकेक करून. कापलंस तर याद राख. जाळं कामाचं हाय. तू न्हाईस.”